पुढचं दार, मागचं दार आणि लिफ्टनं वर गेलेले घोडे

माहीत आहे का, ‘घोडं पेंड कुठं खातं’ या आपल्या जुन्या प्रश्नाचं उत्तर न्यूयॉर्कनं १९०३ मध्येच देऊन टाकलंय? फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर! रेस्टॉरंटच्या वरच्या मजल्यावर! आणि पेंड कसली हो, ओट्स!

तारीख २८ मार्च. ‘शेरीज’ हे शहरातलं झकपक रेस्टॉरंट. यजमान सी. के. जी. बिलिंग्ज, शिकागोच्या गॅस कंपनीचे वारसदार आणि घोड्यांचे पक्के वेडे. नवा तबेला बांधला म्हणून त्यांनी पार्टी ठेवली. पाहुणे ३६, घोडेही ३६. घोडे मालवाहू लिफ्टनं वर चढवले. बॉलरूममध्ये हिरवळ अंथरली. मंडळी कडक सुटाबुटात खोगिरावर बसली, समोर खोगिरालाच जोडलेलं चिमुकलं टेबल. आणि शॅम्पेन? ती खोगिराच्या पिशवीत. रबरी नळी तोंडात धरायची आणि ओढायची! आपल्याकडे नवरदेव घोड्यावर बसून मांडवाच्या दारापर्यंत येतो. इथं घोडाच पंगतीला.

आता जरा थांबा. त्याच शहरात, त्याच साली, एखादा काळा डॉक्टर भल्या हॉटेलात समोरून शिरला, तर त्याला बहुतेक वेळा बाहेरचा रस्ता दाखवला जाई. घोड्याला लिफ्ट, माणसाला मागचं दार.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीची अमेरिका हा असा दारांचा देश होता. राजा नाही, सरदार नाही, जातपात नाही, असं सगळं कागदावर. पण कुणी कुठल्या दारानं यायचं, हे मात्र फिक्स! आणि जिथं दार फिक्स, तिथं भिंतीवरून उडी मारणारेही आलेच. खरी धमाल त्यांचीच आहे. चला, एकेक दार ठोठावू. घाईत असाल तर उड्या मारत वाचा, आमची काही हरकत नाही.

आपली माणसं, फक्त चारशे

लग्नाच्या पत्रिका किती छापायच्या, हे आपल्याकडे हॉलच्या कपॅसिटीवर ठरतं. न्यूयॉर्कची ‘हाय सोसायटी’ केवढी, हेही तसंच ठरलं! या सोसायटीच्या अनभिषिक्त राणी मिसेस अ‍ॅस्टर यांच्या बॉलरूममध्ये म्हणे चारशे माणसं मावत. म्हणून खरी खानदानी माणसं चारशेच, असं त्यांचे सल्लागार वॉर्ड मॅक्‌अ‍ॅलिस्टर यांनी जाहीर करून टाकलं. १८९२ मध्ये यादी पेपरात छापून आली, तर नावं भरली तीनशेच्या थोडी वर. खुर्च्या रिकाम्या, तरी बोर्ड ‘हाऊसफुल्ल’चा!

मग ज्यांच्याकडे पैसा रग्गड पण खानदान नाही, ते काय करत? जावई इम्पोर्ट करत. रेल्वेसम्राट व्हँडरबिल्ट यांच्या कॉन्सुएलोचं लग्न १८९५ मध्ये इंग्लंडच्या ड्यूक ऑफ मार्लबरोशी लागलं. वरदक्षिणा? पंचवीस लाख डॉलरचे रेल्वेचे शेअर्स. अशा मुलींना नाव पडलं ‘डॉलर प्रिन्सेस’. हुंडा म्हणजे आपलीच मक्तेदारी, असं वाटत होतं ना?

बरं, या मंडळींना इन्कम टॅक्स किती बसे? नव्या शतकाची पहिली बारा वर्षं चक्क शून्य! १९१३ मध्ये घटनादुरुस्ती झाली आणि फॉर्म आला, नंबर १०४०. शंभरावर वर्षं झाली, अमेरिकन माणूस आजही त्याच नंबरच्या नावानं बोटं मोडतो. तेव्हाचा साधा दर होता एक टक्का, तोही तीन हजार डॉलरच्या वरच्या वार्षिक कमाईवर. सगळ्यात वरचा? सात टक्के. वाचून रडू येत असेल तर पुढे चला.

तिकीट बघून तब्येत

माहीत आहे का, ‘अमेरिकेत आलेला प्रत्येक परदेशी एलिस आयलंडवरून गेला’ ही निव्वळ थाप आहे? फर्स्ट आणि सेकंड क्लासवाल्यांची तपासणी बोटीवरच उरके आणि ते थेट धक्क्यावर उतरत. न्यूयॉर्क बंदरातल्या या बेटावर रांगा लावायच्या त्या बोटीच्या पोटात कोंबून आणलेल्या थर्ड क्लासनं. रोगजंतूंनासुद्धा क्लास कळायचा म्हणा ना!

१७ एप्रिल १९०७ ला एका दिवसात ११,७४७ माणसं इथं येऊन पोचली. विक्रम! डॉक्टर जिन्याच्या वर उभे. सामान घेऊन चढताना कोण धापा टाकतंय, कोण लंगडतंय, ते तिथूनच हेरायचं. संशय आला की कोटावर खडूनं एक अक्षर: हृदयाला एच, लंगडेपणाला एल, डोक्यात काही गडबड वाटली तर एक्स. काही बहाद्दरांनी काय केलं? कोट काढला, उलटा केला, पुन्हा घातला. कोट उलटा, नशीब सुलटं!

आणि ‘एलिस आयलंडच्या कारकुनानं आमचं आडनाव बदललं’ ही घराघरात सांगितली जाणारी कथा? तीही फुस्स. कारकून नावं लिहीतच नसत. बोट सुटली त्या बंदरावर बनलेली यादी समोर धरून ते फक्त टिकमार्क करत. नावं बदलली ती लोकांनीच, नंतर, सोयीनं.

पश्चिम किनाऱ्यावरची गोष्ट अजून भारी. चिनी मजुरांना १८८२ पासून प्रवेशबंदी होती, मात्र अमेरिकन नागरिकाच्या मुलाला येता येई. मग १९०६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत भूकंप झाला, आग लागली आणि सरकारी दफ्तरं जळून खाक. झालं! ‘मी इथंच जन्मलो, दाखला जळला’ म्हणायला कोण अडवणार? एकदा स्वतः नागरिक ठरलं की चीनमध्ये मुलगे किती आहेत ते सांगायचं, आणि मग ती ‘मुलं’ एकेक करून येणार. यांना नावच पडलं ‘कागदी पोरं’.

सरकारही काही कच्चं नव्हतं. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एंजल आयलंडवर उलटतपासणी व्हायची. तुमच्या घराला पायऱ्या किती? तांदूळ कुठं ठेवता? विहीर कुठल्या बाजूला? बापानं वेगळं सांगितलं आणि पोरानं वेगळं, की परतीची बोट. म्हणून पोरं बोटीवर अख्खं गाईड पाठ करत आणि बंदर दिसलं की कॉपी समुद्रात! आपल्या बोर्डाच्या परीक्षेत निदान नापास झाल्यावर कुणी देशाबाहेर काढत नाही.

गोरा म्हणजे नक्की किती गोरा?

माहीत आहे का, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं साधारण तीन महिन्यांच्या अंतरानं या प्रश्नाची दोन उलटसुलट उत्तरं दिली?

केस नंबर एक, नोव्हेंबर १९२२. ताकाओ ओझावा हे जपानी गृहस्थ म्हणाले, माझी कातडी बघा की, गोरीच आहे! कोर्ट म्हणालं, रंगाचं सोडा, तुम्ही ‘कॉकेशियन’ वंशाचे नाही. सबब नागरिकत्व नाही.

केस नंबर दोन, फेब्रुवारी १९२३. पंजाबचे भगतसिंग थिंद, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याची वर्दी घातलेले. ते म्हणाले, उत्तम! तुमचेच शास्त्रज्ञ आम्हाला कॉकेशियन म्हणतात. कोर्ट म्हणालं, शास्त्राचं सोडा, रस्त्यावरचा साधा माणूस तुम्हाला गोरा म्हणेल का? सबब नागरिकत्व नाही. चित भी मेरी, पट भी मेरी!

दोन्ही निकाल लिहिणारे न्यायमूर्ती एकच, जॉर्ज सदरलँड. जन्म? इंग्लंड. म्हणजे साहेब स्वतःच बाहेरून आलेले!

पण थिंदसाहेबांच्या वकिलांनी काय मांडलं होतं, ते ऐकाच. आमचा अशील उच्चवर्णीय आर्य आहे, आणि लग्नसंबंधांच्या बाबतीत अमेरिकेतला गोरा काळ्याकडे जसा बघतो, तसाच हा आपल्याकडच्या मूलनिवासींकडे बघतो. म्हणजे वर्णभेदाच्या दारावर टकटक करायची ती जातीचा उंबरठा दाखवून. या युक्तिवादावर हसावं की मान खाली घालावी, मला अजून ठरवता आलेलं नाही. कोर्टाच्या कागदात ते ‘हिंदू’ होते, खरं तर शीख. अमेरिकेत तेव्हा हिंदुस्थानातून आलेला प्रत्येक जण ‘हिंदू’च.

थिंद यांना नागरिकत्व शेवटी मिळालं, पण १९३६ मध्ये, आणि तेही माजी सैनिकांसाठी केलेल्या कायद्याच्या आधारे.

कुलूपबंद दार

लुइस हाईन नावाचा एक शाळामास्तर होता. १९०८ पासून कॅमेरा घेऊन गिरण्या, खाणी आणि कॅनिंगच्या कारखान्यांत घुसू लागला. तेव्हा देशात १० ते १५ वर्षांची साडेसतरा लाख पोरं कामावर होती, हा १९०० च्या जनगणनेचा आकडा. मालक आत कसे घेणार? मग हाईन कधी बायबलविक्या बनायचा, कधी आग-तपासनीस, कधी यंत्रांचे फोटो काढायला आलेला फोटोग्राफर. ‘बाळ, जरा यंत्राशेजारी उभा राहा, मशीन केवढं ते कळू दे!’ क्लिक.

वय विचारलं तर पोरं पढवलेलं उत्तर देत. म्हणून त्यानं एक शक्कल काढली. जमिनीपासून आपल्या जाकिटाचं प्रत्येक बटण किती उंचीवर आहे, हे त्याला पाठ होतं. पोरगं शेजारी उभं राहिलं, डोकं तिसऱ्या बटणाला लागलं, की उंची कळली. मग खिशातल्या खिशात, न बघता, वहीत नोंद. एका जाकिटाची बटणं सरकारी तपासनिसांपेक्षा जास्त खरं बोलली!

आता हसू बाजूला ठेवा. २५ मार्च १९११, न्यूयॉर्कची ट्रँगल शर्टवेस्ट फॅक्टरी. वरच्या मजल्यांवर बायकांचे ब्लाऊज शिवणाऱ्या पोरी, बहुतेक ज्यू आणि इटालियन घरांतल्या. आग लागली, आणि नवव्या मजल्यावरचं जिन्याचं एक दार कुलूपबंद. कामगार माल चोरतात, असा मालकांचा संशय होता ना! १४६ जीव गेले.

मालक निर्दोष सुटले. दिवाणी दाव्यात प्रत्येक जिवामागे ७५ डॉलर देऊन मोकळे झाले, आणि विमा मिळाला तो नुकसानीपेक्षा सुमारे ६०,००० डॉलर जास्त. दोन वर्षांनी त्यातलेच एक मालक नव्या कारखान्याचं दार पुन्हा बंद ठेवताना सापडले. दंड? २० डॉलर.

त्या दुपारी जवळच एका मैत्रिणीकडे चहाला आलेली एक तरुणी धावत आली आणि तिनं हे सगळं रस्त्यावरून पाहिलं. फ्रान्सिस पर्किन्स. १९३३ मध्ये ती अमेरिकेची मजूरमंत्री झाली, देशातली पहिली महिला मंत्री.

पुन्हा मूड बदलू या. १९१४ मध्ये हेन्री फोर्ड यांनी दिवसाला पाच डॉलर पगार जाहीर केला. पेपरात हेडलाइन, गेटवर झुंबड! बारीक अक्षरातली अट मात्र अशी की कंपनीचे लोक घरी येऊन बघणार. घर स्वच्छ आहे? बचत करता? दारू पिता? पोटभाडेकरू ठेवलाय? पगार मोटारीचा, चौकशी सोयरिकीची! आणि आठवड्याचे सहा दिवस वर्षभर राबलं तरी कमाई भरे १,५६० डॉलर. म्हणजे इन्कम टॅक्सच्या दारापर्यंतसुद्धा पोच नाही.

परदेशी कामगारांसाठी फोर्डची इंग्रजी शाळा होती. तिचा पदवीदान समारंभ कसा? स्टेजवर एक भलीमोठी कढई. एका बाजूनं कामगार आपल्या देशाचे कपडे घालून, गाठोडं घेऊन कढईत उतरणार. मास्तर लांब डाव घेऊन ढवळणार. दुसऱ्या बाजूनं तेच लोक अमेरिकन सुटात, हातात झेंडा घेऊन बाहेर! ‘मेल्टिंग पॉट’ म्हणतात तो हा. मिसळीत निदान मटकी मटकीच राहते.

दोन बायबलं, दोन टेलिफोन

दक्षिणेतल्या वेगळेपणाच्या कायद्यांना ‘जिम क्रो’ म्हणत. हा जिम क्रो कोण? कुणीच नाही! १८३० च्या सुमारास एका गोऱ्या नटानं तोंडाला काळं फासून केलेल्या नाचातलं पात्र. नाटकातलं सोंग कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसलं.

आणि कायदे तरी कसले! अटलांटाच्या कोर्टात शपथ घ्यायला दोन बायबलं, गोऱ्या साक्षीदारांचं वेगळं, काळ्यांचं वेगळं. सत्य एकच, पण हात लावायची सोय स्वतंत्र. १९१५ मध्ये ओक्लाहोमानं टेलिफोनच्या खोल्या वेगळ्या करायचा कायदा केला. १९३० मध्ये बर्मिंगहॅम शहरानं फर्मान काढलं, काळ्या-गोऱ्यांनी मिळून पत्ते, फासे, डॉमिनो किंवा चेकर्स खेळायचे नाहीत. चेकर्सच्या पटावर मात्र काळी-पांढरी घरं शेजारी-शेजारी!

माहीत आहे का, ‘आजोबांच्या पुण्याईनं’ मत देता यायचं? १८९८ चा लुइझियानाचा नियम: तुम्हाला लिहितावाचता येत नसेल, मालमत्ता नसेल, तरी चालेल, फक्त १ जानेवारी १८६७ च्या आधी तुमच्या वडिलांना किंवा आजोबांना मताधिकार असायला हवा. आणि तेव्हा तिथल्या काळ्या आजोबांना तो नव्हताच. परिणाम बघा. १८९६ मध्ये राज्यात काळे मतदार १,३०,३३४. १९०४ मध्ये १,३४२. शेवटचे दोन आकडे कुठं गळले, ते पुन्हा एकदा वाचा.

राजधानीही काही मागे नव्हती. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्या काळात, १९१३ पासून, सरकारी कचेऱ्यांत काळ्या-गोऱ्यांची टेबलं वेगळी होऊ लागली. एका काळ्या कारकुनाचं काम असं की त्याला वेगळ्या खोलीत हलवता येईना. तोडगा काय? त्याच्या भोवती पिंजरा उभा केला! विचारवंत ड्यू बॉइस यांनी विल्सनना लिहिलेल्या जाहीर पत्रात हे नोंदवून ठेवलंय.

ए जॉर्ज, इकडे ये!

माझी सगळ्यात लाडकी गोष्ट आता.

पुलमन कंपनीच्या आलिशान स्लीपर डब्यांत अंथरूण घालायला, बूट पॉलिश करायला काळे पोर्टर असत. प्रवासी त्यांना हाक मारत ‘जॉर्ज’. सगळ्यांना! कारण मालकाचं नाव जॉर्ज पुलमन, आणि गुलामगिरीच्या काळात गुलामाला मालकाच्या नावानं ओळखायची रीत. वयानं वडिलांएवढा माणूस, त्याचं खरं नाव काहीही असो, हाक ‘जॉर्ज’.

मग १९१४ मध्ये या प्रकाराविरुद्ध एक संघटना निघाली. ‘पोर्टरांना जॉर्ज म्हणण्यास प्रतिबंध करणारी मंडळी’! वाटलं ना, चला, कुणाला तरी लाज वाटली? थांबा. संस्थापक होते लाकडाचे धनाढ्य व्यापारी जॉर्ज डुलेनी. त्यांची तक्रार पोर्टरांसाठी नव्हतीच. ‘आमचं’ नाव हमालांना का देता, ही होती! सभासद झाले ३१,००० जॉर्ज. त्यात इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज, फ्रान्सचे जॉर्ज क्लेमांसो आणि बेसबॉलचा बादशहा बेब रूथ, कारण कागदोपत्री तोही जॉर्ज हर्मन. चेष्टेत सुरू झालेला क्लब, पण परिणाम झाला. काही डब्यांत पोर्टरच्या खऱ्या नावाच्या पाट्या लागल्या.

पोर्टरांनी काय केलं म्हणता? ते गुपचूप दुसरंच काम करत होते. शिकागोतून निघणाऱ्या ‘शिकागो डिफेंडर’ या काळ्यांच्या पेपराचे गठ्ठे ते गाडीतून दक्षिणेत पोचवत. उत्तरेत नोकऱ्या आहेत, निघून या, हे त्या पेपरातून गावोगाव कळलं. १९२५ मध्ये त्यांनी युनियन काढली, बारा वर्षं झुंजले आणि १९३७ मध्ये पुलमन कंपनीशी करार केला. पुढारी कोण? ए. फिलिप रँडॉल्फ. जॉर्ज नव्हे!

सोंग सजवा, आत शिरा

१९०१. बेसबॉलचे बडे मॅनेजर जॉन मॅकग्रॉ आर्कान्सामधल्या हॉट स्प्रिंग्जच्या हॉटेलात उतरले होते. तिथला एक कर्मचारी, चार्ली ग्रँट, असा खेळे की मॅकग्रॉंच्या तोंडाला पाणी सुटलं. अडचण एकच, चार्ली काळा, आणि मोठ्या लीगमध्ये काळ्यांना मज्जाव. पण केस सरळ, रंग उजळ. मॅकग्रॉ भिंतीवरच्या नकाशाकडे वळले. एका ओढ्याचं नाव दिसलं, टोकोहोमा. बारसं झालं! हा बघा, चेरोकी जमातीचा आदिवासी खेळाडू ‘चीफ टोकोहोमा’. पण शिकागोत चार्लीच्या चाहत्यांनी इतक्या उत्साहानं त्याचं स्वागत केलं की बिंग फुटलं. कौतुकानंच घात केला हो!

उलट गॅरेट मॉर्गन यांचं सोंग मस्त चाललं. त्यांनी धुरातून वाचवणारा श्वसन-टोप बनवला, १९१४ मध्ये पेटंट घेतलं. काळ्या माणसाचा माल दक्षिणेत कोण घेणार? म्हणून त्यांनी एक गोरा माणूस ‘संशोधक’ म्हणून उभा केला आणि स्वतः झाले ‘बिग चीफ मेसन’ नावाचे रेड इंडियन मदतनीस. धुरानं भरलेल्या तंबूत टोप घालून शिरायचं आणि बऱ्याच वेळानं ठणठणीत बाहेर यायचं. टाळ्या! स्वतःच्याच शोधाचा डेमो देणारा स्वतःचाच नोकर.

वॉल्टर व्हाइट यांचं नाव व्हाइट, केस सोनेरी, डोळे निळे आणि ओळख काळी. वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेचे ते कार्यकर्ते. गोरा समजून लोक त्यांच्याशी मोकळेपणी बोलत, आणि ते जमावानं केलेल्या हत्यांची माहिती काढत. १९१९ मध्ये आर्कान्सात कुणीतरी ओळखलं. व्हाइट मिळेल ती गाडी पकडून निघाले. कंडक्टर हळहळला, अहो, आता कुठं मजा सुरू होणार आणि तुम्ही चाललात! गोऱ्याचं सोंग घेतलेला एक काळा गावात आलाय, आज त्याला धरणार आहेत. व्हाइट यांनी तिकीट दाखवलं आणि खिडकीबाहेर बघत बसले. पुढं त्यांनी ही हकीकत स्वतःच लिहिली.

आणि बेल द कोस्टा ग्रीन? बँकर जे. पी. मॉर्गन यांच्या जगप्रसिद्ध ग्रंथसंग्रहाची १९०५ पासूनची ग्रंथपाल. झुळझुळीत गाऊन, लिलावात भल्याभल्यांना घाम फोडणारी. सावळा रंग? ‘आजी पोर्तुगीज होती ना!’ खरं तर वडील रिचर्ड ग्रीनर, हार्वर्डचे पहिले काळे पदवीधर. ज्या नावाचा अभिमान वाटावा, तेच लपवावं लागलं. १९५० मध्ये जाण्याआधी तिनं आपले खासगी कागद जाळून टाकले. आयुष्यभर दुसऱ्यांची हस्तलिखितं जपणाऱ्या बाईनं!

आता आपल्या घरचं एक पान. १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. काळ्यांची वस्ती होऊ लागलेलं हार्लेम तिथून हाकेच्या अंतरावर. परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असं त्यांनी लिहून ठेवलंय. १९१७ मध्ये नोकरीसाठी बडोद्याला उतरले आणि पहिलाच प्रश्न, राहायचं कुठं? एकही हॉटेल दार उघडेना. शेवटी पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून खोली मिळवली. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दाराशी. कोलंबियाचा पदवीधर सामान घेऊन रस्त्यावर. १९४६ मध्ये याच आंबेडकरांनी ड्यू बॉइस यांना पत्र पाठवलं. अमेरिकेतल्या काळ्यांचा अर्ज संयुक्त राष्ट्रांकडे जातोय असं कळलं, त्याच्या प्रती मिळतील का?

पैसा आला, दार उघडलं का?

मॅडम सी. जे. वॉकर. जन्म १८६७, लुइझियाना. गुलामगिरी संपल्यावर घरात जन्मलेलं पहिलं मूल. लोकांचे कपडे धुता धुता स्वतःचे केस गळू लागले, म्हणून तेलं-मलमं करून बघितली, आणि बघता बघता कारखाना उभा राहिला. मग हडसनकाठी, रॉकफेलर यांच्या टापूत ३४ खोल्यांचा बंगला. नाव ‘व्हिला लेवारो’, सुचवणारे ऑपेराचे बादशहा कारूसो. आर्किटेक्ट व्हर्टनर टँडी, न्यूयॉर्क राज्यात नोंदणी झालेले पहिले काळे आर्किटेक्ट. गिनेस बुकवाले तिला स्वकष्टानं मिलियनेअर झालेली पहिली अमेरिकन स्त्री मानतात. बंगल्याचं सुख जेमतेम वर्षभर. १९१९ मध्ये ती गेली.

दुसरीकडे ओक्लाहोमातले ओसेज आदिवासी. नापीक म्हणून मिळालेल्या जमिनीखाली तेल निघालं, आणि १९२० च्या दशकात ते जगातल्या सगळ्यात श्रीमंत लोकांत गणले जाऊ लागले. मोटारी, गोरे ड्रायव्हर, गोऱ्या मोलकरणी! पण त्यांच्यातल्या अनेकांना स्वतःचा पैसा काढायला कोर्टानं नेमलेल्या गोऱ्या ‘पालका’ची सही लागे. साठीचा माणूस असला तरी पालक हवाच. आणि मग एकापाठोपाठ एक ओसेज मरू लागले. विष, गोळी, स्फोट. वारसा कुणाकडे जातोय, एवढंच बघायचं होतं.

खेळात तरी? जिम थॉर्प या आदिवासी वीरानं १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन, दोन्ही सुवर्णं मारली. पुढच्याच वर्षी पदकं काढून घेतली. गुन्हा? उन्हाळ्यात किरकोळ पैसे घेऊन बेसबॉल खेळला. कॉलेजची बरीच पोरं हेच करत, पण खोट्या नावानं. थॉर्पनं खरं नाव वापरलं! खेळासाठी पैसे न घेणं हा मुळात ज्यांना पैशाची ददात नाही त्यांचा नियम. पदकं परत आली १९८२ मध्ये, तो गेल्यावर २९ वर्षांनी.

शेवटी पुन्हा घोड्यांकडे.

माहीत आहे का, १८७५ च्या पहिल्या केंटकी डर्बीत १५ पैकी १३ जॉकी काळे होते? जिमी विंकफिल्डनं १९०१ आणि १९०२, लागोपाठ दोन डर्बी जिंकल्या. त्याच्यानंतर आजवर एकही काळा जॉकी ती जिंकलेला नाही. गोऱ्या जॉकींनी काळ्यांना कुंपणावर दाबत, चाबकानं झोडपत मैदानातून हुसकलं. विंकफिल्ड गेला रशियाला. झारच्या राज्यात शर्यतींमागून शर्यती जिंकल्या, उंची हॉटेलात राहिला. मग क्रांती झाली. १९१९ मध्ये ओडेसातून दोनशेच्या वर उमदे घोडे घेऊन तो आणि काही साथीदार वॉर्सापर्यंत निघाले. वाटेत खायला काही मिळेना, तेव्हा त्यातलेच काही घोडे कापून खावे लागले. बिलिंग्जसाहेबांच्या पार्टीपेक्षा हा मेन्यू जरा वेगळा.

१९६१ मध्ये लुइव्हिलच्या ब्राऊन हॉटेलात डर्बीनिमित्त मोठी मेजवानी होती, आणि विंकफिल्डला रीतसर आमंत्रण. वय ऐंशीला टेकलेलं, सोबत मुलगी. दरवानानं त्यांना अडवलं. समोरच्या दारानं नाही जाता येणार. आमंत्रण आहे म्हणून सांगितलं, वाट बघितली, पुन्हा सांगितलं. बऱ्याच वेळानं आत सोडलं. आतही फारसं कुणी बोलेना. एक जुना जॉकी तेवढा उठून त्यांच्याकडे आला, रॉस्को गूज. १९१३ ची डर्बी जिंकलेला. त्याच्या घोड्याचा भाव होता एक्क्याण्णवास एक, डर्बीच्या विजेत्यांतला आजही न मोडलेला विक्रम! दोघे म्हातारे शेजारी बसून घोड्यांबद्दल बोलत राहिले.